शीतलचा पेशंट

आमच्या स्लॅबवर दीड महिना एक पेशंट ॲडमिट होता. त्याला नाडी नव्हती, श्वास नव्हता, अंगात नुसता कडबा होता. तरी शेजारची शीतल रोज दुपारी त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवून म्हणायची, "घाबरू नोका, मुंगी चावल्यावानी वाटीन."

शीतल नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. कॉलेज अकोल्याला, आणि ते कोरोनाने बंद. शिकणं सगळं मोबाइलवर, आणि हिवरखेडच्या आमच्या गल्लीत धड रेंज फक्त आमच्या स्लॅबवर. मॅडम फोनमधून सांगत, "पेशंटला कुशीवर वळवा." आता पेशंट आणायचा कुठून? पोरीने वावरातलं बुजगावणं उचलून आणलं, त्याला वडिलांचा शर्ट घातला, मडक्याच्या डोक्यावर खडूने डोळे काढले आणि वर मास्क लावला.

त्या दिवसापासून माझी बायको स्लॅबवर पापड घालेना. मी मात्र चेष्टा सोडली नाही. "काहून वं, बुजगावण्याले ताप येते काय?"

"हळू बोला काका. पेशंट ऐकते."

हे तिचं पालुपद. माणूस जाताना कान सगळ्यात शेवटी जातात, असं मॅडमनी शिकवलं होतं म्हणे.

एका दुपारी वर गेलो तर मडक्याचं तोंड भिंतीकडे होतं. वारा नव्हता. चहा घेऊन परत आलो तर ते माझ्याकडे बघत होतं. माझी पाचावर धारण बसली. "दोन तासानं कूस बदला लागते," शीतल टाकीमागून म्हणाली. "नाई तं पाठीले जखमा होतेत." पुढे ती वह्या दाखवायला अकोल्याला गेली, तेव्हा दोनच्या ठोक्याला मीच गुपचूप वर जाऊन त्याला वळवून आलो. बायकोला सांगितलं नाही.

तेव्हाच उशाशी टांगलेला तक्ता वाचला. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. हे आकडे मला पाठ होते. तिचे वडील अकोल्यात ॲडमिट होते तेव्हा वॉर्डातला फोन रोज माझ्याच मोबाइलवर यायचा, आणि आकडा त्यांच्या घरी मीच पोहोचवायचो. पाचव्या दिवशीच्या फोनमध्ये आकडा नव्हता. घरच्यांना जवळ जाऊ दिलं नाही, तोंडही दाखवलं नाही. तक्त्यातला पाचवा रकाना कोरा होता.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली, तीही फोनवर. "पास झाली तं शिक, नाई तं वावरात ये," असं आईने आधीच बजावलं होतं. फोन धरायला मी. मॅडमनी चिठ्ठी उचलून वाचली: मृत्यूनंतरची सेवा.

शीतलने ओल्या कापसाने खडूचे डोळे पुसून टाकले. हातपाय सरळ केले. अंग पुसलं. हनुवटीला पट्टी बांधली, मनगटाला चिठ्ठी बांधली, त्यावर वडिलांचं नाव. आणि मडक्याशी वाकून म्हणाली, "बाबा, मी आली. तवा मले येऊ नाई देल्लं."

मॅडम पडद्यावर मघाशीच गोठल्या होत्या. रेंज आली तशा म्हणाल्या, "मला काहीच दिसलं नाही. परत करून दाखव."

"दोनदा नाई होत, मॅडम."

मी घाबरलो. वर्ष गेलं पोरीचं! "बरं," मॅडम म्हणाल्या, "तोंडी सांग." तिने सगळं तोंडी सांगितलं, एकदाही न अडखळता, आणि पास झाली.

फोन बंद झाल्यावर तिने तक्त्याचा पाचवा रकाना भरला. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मग म्हणाली, "काका, पाय धरा तुमी."

मी वळवायला गेलो होतो तेव्हा ते बुजगावणं एका हाताने उचललं गेलं होतं. त्या दिवशी जिना उतरताना आम्हाला ते दोनदा टेकवावं लागलं.