पिंपातली ऊब कोणी चोरली?

हे प्रकरण सुटलं तर दादाला मिळणार होती माडीवरची खोली, आणखी वर्षभर, फुकट. नाही सुटलं तर एक तारखेला ट्रंक उचलायची. धाकट्या बहिणीने हे त्याला चहा देताना सांगितलं आणि चहात साखर घातली नाही. यावरून दादाने प्रकरणाचं गांभीर्य ताडलं.

ताडणं हा त्याचा दावाच होता. सव्वीस वर्षं त्याने थिएटरच्या दारात तिकिटं फाडली होती. "अंधारात माणूस ओळखतो मी," तो सांगे. "उजेडात काय, कोणीही ओळखतो!" निवृत्त झाल्यावर त्याने एक भिंग विकत घेतलं आणि स्वतःची गुप्तहेरपदी नेमणूक केली. अर्ज एकच आला होता.

मेहुण्यांनी आपल्या मॅनेजरला सपत्नीक जेवायला बोलावलं होतं, घरी धुरावर शिजवलेलं मांस खायला. ही विद्या ते नुकतीच शिकत होते. मागच्या अंगणात लोखंडी पिंप, तळाशी निखारे आणि लाकडाचे ढलपे, वर जाळीवर डुकराच्या खांद्याचा तीन किलोचा तुकडा, त्यावर झाकण. झाकणावरचा तापमानाचा काटा दिवसभर एकशे दहा अंशांवर राहायला हवा. गेल्या रविवारच्या तालमीत तो सारखा सत्तरवर येऊन बसला आणि मांस कच्चं राहिलं.

"ऊब जाते कुठे, एवढं शोधा," मेहुणे म्हणाले. "आज पिंपाजवळून हलायचं नाही."

"माशी आत जाणार नाही," दादा म्हणाला, आणि माशी गेली नाही ना, हे झाकण उचलून पाहिलं.

मागच्या दारात बहिणीच्या सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक दाणा वेगळ्या बशीत टाकला.

नऊ वाजता काटा घसरला. दादाला शेजारच्या दंतवैद्याचा संशय आला. त्याचे पांढरे डगले दोरीवर वाळत होते, त्यांना धूर लागत होता. हेतू सिद्ध! कुंपणावरून ओतलेल्या पाण्याचा थेंब सापडतो का, म्हणून दादाने झाकण उचलून भिंगातून निखारे तपासले. भुवया होरपळल्या, थेंब मिळाला नाही.

अकरा वाजता संशय खाटकावर गेला. "म्हातारं डुक्कर दिलंय. ऊब सगळी तेच पितंय." वय पाहायला झाकण वर.

साडेबाराला मांजर. तीनला खुद्द मेहुणे. "खर्चाला घाबरून कोळसे कमी घातलेत!" कोळसे मोजायला झाकण वर, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा वर.

चार वाजता मेहुण्यांनी सुरी खुपसून पाहिली. आत गुलाबी. त्यांचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला.

"दादा, सात वाजता माणसं येणार!"

"गुन्हेगार सराईत आहे," दादा म्हणाला. "मी नजर हटवली नाही, तरी काटा पडतोच. अगदी माझ्या डोळ्यांदेखत."

"डोळ्यांदेखतच पडणार," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बशी पुढे केली. "मोजा. तुम्ही झाकण उचललंत की मी एक दाणा टाकत होते. एकोणतीस. प्रत्येक वेळी ऊब बाहेर. गेल्या रविवारीही तुम्हीच होतात इथे."

दंतवैद्याने तेवढ्यात आपले डगले काढून नेले.

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" दादाने विचारलं.

"प्रकरण तुमचं होतं," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.

बहिणीने तुकडा उचलून ओव्हनमध्ये ढकलला. मॅनेजरने दोनदा मागून घेतला, आणि धुराची चव किती खोल उतरली आहे म्हणून मेहुण्यांच्या हाताचं कौतुक केलं. ओव्हनचा विषय कोणी काढला नाही.

हिशेब मिटला तो असा: दंतवैद्याला डगले पुन्हा धुवावे लागले, बहिणीची दुपार गेली, डुकराचं तर सगळंच गेलं होतं. मेहुण्यांना शाबासकी आणि एक तारखेपासून माडीवरची खोली.

दादाचं ताट वर त्याच खोलीत, ट्रंकेवर झाकून ठेवलं होतं. आत मांस किती असेल, याचे तीन तर्क करून त्याने झाकण उचललं. मांस नव्हतं. नुसते वाटाणे होते.

त्याने मोजले. तीस भरले. भिंग काढून पुन्हा मोजले, तरी तीसच.

सासूबाईंनी हेही झाकण मोजणीत धरलं होतं.