बिनरंगी विमान आणि रंगतज्ज्ञ सरडा

एका जंगलात, बाळांनो, एकच विमान होतं. त्याला रंग नव्हता. नुसता पत्रा होता, पण काय पत्रा! सकाळी ऊन पडलं की हरणं त्यात बघून शिंगं नीट करायची.

हा चकचकीतपणा आपोआप येत नव्हता. ठकूताई नावाची एक खार रोज सकाळी फडकं आणि राखेचं पाणी घेऊन विमानावर चढायची. नाकापासून शेपटापर्यंत घासायची. घासताना पत्र्याला पोट लावून सरकायची. कुठला जोड ढिला झालाय, कुठे पोचा आलाय, हे तिला पोटानं कळायचं.

त्या जंगलात एक रंगतज्ज्ञही होता. सरडा. त्याला रंगातलं काय कळत होतं? काही नाही. भिंतीवर बसला की भिंतीसारखा व्हायचा, पानावर बसला की पानासारखा, एवढंच. पण सगळ्यांनी त्याला तज्ज्ञ ठरवलं आणि त्यानं ठरवू दिलं. शिवाय तो सारखी मान हलवायचा. त्यामुळे कुठल्याही समितीत तो फार सोयीचा पडायचा.

हसू नका. तो सरडा मीच.

तर एकदा वनराज सिंह शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथल्या वाघानं आपलं विमान पट्ट्यापट्ट्यांनी रंगवून घेतलं होतं. वनराज परत आले ते तोंड पाडूनच. जेवले नाहीत.

"आमच्या विमानाच्या अंगावर धड कपडा नाही," ते म्हणाले. "सगळ्या जंगलांसमोर उघडं फिरतं!"

विमान कंपनीचे व्यवस्थापक अस्वलराव होते. त्यांनी लगेच मला बोलावलं.

"सरडेसाहेब, विमान रंगवावं की नाही, यावर आठ दिवसांत अहवाल द्या. अगदी निःपक्षपाती. रंग उद्या येतोय."

मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, उघड्या पत्र्याची बाजू भक्कम होती. रंगाला वजन असतं. तीन थर आणि शेपटावर वनराजांच्या आयाळीचं चित्र धरलं, तर चार बोकडांचं वजन भरत होतं. रंगाच्या बाजूनंही बोलण्यासारखं होतंच. ओल पत्र्याला खात नाही, रोजची घासाघासही वाचते. दोन्ही बाजूंना तथ्य असलं की मला फार बरं वाटतं. मग सिंहाच्या तोंडाकडे बघून ठरवता येतं.

चौथ्या दिवशी ठकूताई माझ्याकडे आली.

"सरडेभाऊ, चौथ्या खिडकीखाली पत्र्याला चीर गेलीय. काल मुंगीएवढी होती, आज गोमेएवढी झालीय. आता त्यावर रंग फासलात तर मला दिसायची नाही ती."

"अस्वलरावांना सांगा ना."

"सांगितलं. ते म्हणाले, अहवालात येऊ दे."

मी जाऊन बघितलं. चीर होती. ठकूताईला म्हटलं, "अहवालात घालतो." आणि बाळांनो, मी शब्द पाळला. पान तीन, मथळा 'रंगाचे फायदे', कलम सात : 'पत्र्यावर काही बारीक रेषा आढळतात. रंग दिल्यावर त्या दिसणार नाहीत.'

हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झालो होतो. खोटं एक अक्षर नाही आणि कुणाला दुखावणंही नाही. वनराजांनी तर ते कलम दोनदा वाचून घेतलं.

विमान रंगलं. केशरी अंग, शेपटावर आयाळ, आयाळीत वनराज हसताहेत. ठकूताईला नारळ मिळाला. रंगवलेल्या विमानाला घासायची काय गरज?

मग पहिल्या उड्डाणाचा दिवस आला. सगळे चढून बसल्यावर वजन जास्त भरलं, तेव्हा चार बोकडांना खाली उतरवलं.

"आम्ही खाली आणि रंग वर, हा कुठला न्याय?" त्यातला थोरला म्हणाला.

"रंग हा कंपनीचा चेहरा आहे," अस्वलराव म्हणाले. "तुमचं तसं काही आहे का?"

मी टाळ्या वाजवायला धावपट्टीच्या कडेला उभा होतो. तेवढ्यात अस्वलरावांनी माझा हात धरला.

"सरडेसाहेब, तुम्ही आजचे सन्माननीय पाहुणे. चला, आत बसा."

"मला उंची सोसत नाही हो."

"झाडावर तर राहता!"

मला उचलून आत नेलं. हार घातला. बसवलं ते चौथ्या खिडकीशी.

पुढे कॅप्टन घार होत्या. त्यांना स्वतःला उडता येत असल्यामुळे त्या नेहमीच निर्धास्त असायच्या. विमान पळायला लागलं. माझ्या कोपराखाली पत्रा कुरकुरला. मी आधी पिवळा पडलो, मग पांढरा, मग खुर्चीसारखा निळा झालो.

"आई, बघ, तज्ज्ञ प्रात्यक्षिक दाखवतायत!" मागचं सशाचं पोर ओरडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी किंचाळलो, "थांबवा! इथं चीर आहे! या खिडकीखाली!"

"कसली चीर?" अस्वलराव म्हणाले. "अहवालात तर काही नाही."

"आहे! पान तीन, कलम सात!"

"तो फायदा आहे ना?"

"फायदा नाही हो, मरण आहे ते!"

कॅप्टन घारींनी विमान थांबवलं. ठकूताईला शोधायला जावं लागलं नाही. नोकरी गेली तरी ती तिथंच, कुंपणावर बसलेली होती. तिनं नखांनी रंग खरवडला. चीर आता धामणीच्या पिल्लाएवढी झाली होती. उतारू एकेक करून खाली उतरले. सशीण पाचही पोरं पोटाशी धरून रडायला लागली. माझी मान वर होईना. बाळांनो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ठकूताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी अहवालात घालतो म्हणाला होतात."

"घातलं होतं."

"मग आज ओरडलात कशाला?"

"आज मी आत होतो," मी म्हटलं.

वनराजांनी मात्र सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तज्ज्ञ जागरूक होता म्हणून जीव वाचले, असं जाहीर झालं. मला शालही मिळाली. सुतारपक्ष्यानं चीर बुजवली. नवा नियम झाला : रंग राहील, पण ठकूताई रोज सकाळी तो खरवडून पत्रा तपासेल आणि वानरं तो दुपारी परत लावतील. या नियमाचा मसुदा कुणी केला, ते विचारू नका.

ठकूताई कामावर परत यायला तयार झाली, पण एका अटीवर.

"दर फेरीला सरडेभाऊ विमानात बसले पाहिजेत," ती म्हणाली. "आणि त्यांनी कुठं बसायचं ते रोज सकाळी पत्रा बघून मी सांगणार."

तेव्हापासून, बाळांनो, माझे अहवाल फार स्पष्ट असतात.

तात्पर्य : खरं बोलायचं धैर्य प्रत्येकात असतं. ते बाहेर यायला फक्त खिडकीजवळची जागा मिळावी लागते.