हिरेमठ सरांची सरळ रेघ

हिरेमठ सर सकाळी दात घासायच्या आधी बोळात खडूची रेघ ओढायचे. त्यांचा उंबरा म्हणजे शून्य. नळाकडं अधिकचे आकडे, रस्त्याकडं उण्याचे. आम्ही बायका घागरी घेऊन निघालो की ते घड्याळ बघत ओरडायचे, "अंबूबाई, अधिक सातवर आलात! वेग घटायलाय की!"

"मेला तुमचा वेग! घागर तुमी धरा, मग बघते," अंबूबाई म्हणायची.

आता नळ घराघरांत आलेत. तेव्हा माझं नवं लग्न, मालक मिलमध्ये. सर कॉलेजात गणित शिकवायचे. मी चौथी शिकलेली, परक्यापुढं तोंड न उघडणारी. तरी मलाही त्यांनी डेरिव्हेटिव्ह शिकवलंच.

"वहिनी, कुटं पोचलात ते विचारत न्हाय मी. ह्या क्षणाला किती झपाट्यानं चाललाय, ते डेरिव्हेटिव्हनं कळतं. वळताना वेग शून्य. पण शून्य म्हणजे माणूस बसला असं न्हाय. पुढच्या क्षणाला कुटं जातो ते बघायचं."

अंबूबाई बदकासारखी चालते, मी भिंतीला घासून चालते, हे सरांच्या रोजच्या ओरडण्यानं साऱ्या बोळाला पाठ झालं. सगळे हसायचे. आम्हीही.

सरांची बायको नीलाक्का मात्र त्या रेघेवर कधी आली नाही. आजारपणात तिचा डावा पाय लुळा पडला होता. चाललं नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लंगडताना लोक बघतील म्हणून ती उंबरा ओलांडत नव्हती. सर तिला एकदाही 'चल' म्हणाले नाहीत.

"दुसऱ्यांच्या बायका मोजतोय, घरची दिसत न्हाय," अंबूबाई कुजबुजायची. मलाही तसंच वाटायचं.

एका सकाळी नीलाक्का भिंत धरून बाहेर आली. अंबूबाईनं घागर खाली टेकवली. पाच पावलांवर ती थांबली. आता परत फिरते, असं मला वाटलं. सर जागचे हलले नाहीत. मग तिनं पाय ओढला, पुढं, आणखी पुढं, आणि थेट माझ्या पायरीवर येऊन बसली. सर तडक घरात गेले.

मी पाणी दिलं. ती धापा टाकत हसली.

"सहा महिने झालं, तुमाला सगळ्यांना चालवायलेत," ती माझ्या कानाशी म्हणाली. "सगळ्यांच्याच चालीवर हसून झालं की माझ्यावर कोण हसतंय, म्हणून. मला कळत न्हाय वाटतं त्यांना. सांगू नका हं."

मी नाही सांगितलं.

थोड्या वेळानं सर बाहेर आले. डोळे लाल.

"चुलीचा धूर लई झालाय," म्हणाले.

त्यांच्या घरची चूल अजून पेटायची होती.