चांदणी-दहाचे छत्तीस गुण

एका जंगलात रेंज फार छान होती.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मधेच विचारणार, "काका, जंगलात फोन लागतो कसा?" लागत होता. नदीच्या अलीकडे लागत होता, पलीकडे लागत होता. आता मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या जंगलात भास्करराव काटेकर नावाचे एक साळिंदर राहायचे. साळिंदर रात्री हिंडतं आणि दिवसा झोपतं, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते परीक्षेत लिहा. आपले भास्करराव सकाळी सहाला उठायचे, बिळापुढचं अंगण झाडायचे आणि चहा प्यायचे. त्यांची बायको वारली होती. एकच मुलगी, कुंदा. तिला नदीपलीकडच्या बांबूच्या बनात दिली होती.

भास्कररावांकडे एक फोन होता, चांदणी-नऊ. कुंदा रोज दिवेलागणीला त्यावर फोन करायची.

"बाबा, आज काय केलंत?"

"कंद उकडले. तू?"

"मीपण कंदच."

एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय दोघांनाही झोप यायची नाही.

आणि मग चांदणी-दहा आला. जंगलभर त्याचीच चर्चा. मुंगूस शेठनी दुकानाला तोरण बांधलं. दत्तोपंत रानडुकरांनी पहिल्याच दिवशी घेतला. जो भेटेल तो भास्कररावांना विचारू लागला, "काय, तुम्ही कधी बदलताय?"

दुसऱ्या कोणी एकतर घेऊन टाकला असता किंवा विषय सोडून दिला असता. पण काटेकरांच्या घराण्यात असं उठसूट काही होत नसे. त्यांच्या घरात सून आली ती पत्रिका बघून. जावई आला तोही पत्रिका बघून. बाहेरचं कोणीही घरात यायचं तर छत्तीसपैकी निदान अठरा गुण जुळायलाच हवेत. मग फोनला वेगळा न्याय का?

"आयुष्यभराचा प्रश्न आहे," भास्करराव म्हणाले.

हसू नका रे. फोन दिवसभर हातात असतो, रात्री उशाशी असतो. तुमच्या घरात इतकं जवळ दुसरं कोण असतं, सांगा बरं.

तर भास्कररावांनी चांदणी-दहाची पत्रिका मिळवली. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते ना, तीच. ती घेऊन ते मिठारामशास्त्री पोपटांकडे गेले. शास्त्रीबुवा उंबरावर बसून नव्या फोनांचे व्हिडिओ करायचे. फोनच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"शास्त्रीबुवा, घ्यावा का?"

"गरज असेल तर जरूर घ्या," मिठारामशास्त्री म्हणाले. "गरज नसेल तर मुळीच घेऊ नका."

"वा! पण मला गरज आहे का?"

"त्यासाठी माझा दुसरा व्हिडिओ बघा."

दुसऱ्यात तिसरा बघायला सांगितला होता. तिसऱ्यात चौथा. भास्कररावांनी असे एकोणीस व्हिडिओ बघितले. सगळे आपल्या जुन्या चांदणी-नऊवरच बघितले आणि तो एकदाही अडकला नाही. हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका संध्याकाळी व्हिडिओ चालू असतानाच कुंदाचा फोन आला.

तिला काय सांगायचं होतं ते मी तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे चुळबुळ नको. कुंदाला दिवस गेले होते. आई असती तर तिनं आईच्या कानात सांगितलं असतं. बाबांना तोंडावर कसं सांगायचं? आणि काटेकरांची रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. त्यासाठी माहेरचं माणूस न्यायला यायला हवं. लेकीनं आपण होऊन बोचकं उचलून निघायचं नाही. म्हणजे बाबांना आपोआप कळायला हवं होतं आणि त्यांनी उठून यायला हवं होतं.

"बाबा," कुंदा म्हणाली, "हल्ली मला सारख्या चिंचा खाव्याशा वाटतात."

"पित्त होईल," भास्करराव म्हणाले. "बरं, मला एक सांग, तुझ्या फोनला रॅम किती आहे?"

"बघून सांगते," कुंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

पत्रिका झाली की चौकशी. त्या घरातली दुसरी मुलगी कुठे दिली असेल तर तिथे सहज म्हणून जायचं आणि हळूच विचारून यायचं, अशी पद्धत असते. चांदणी-दहा दत्तोपंतांच्या घरी दिलेला होता. भास्करराव दोन रताळी घेऊन गेले.

"स्वभाव कसा आहे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"शांत," चिखलात लोळता लोळता दत्तोपंत म्हणाले. "अजिबात तापत नाही."

"घरात रुळला?"

"दोन दिवसांत."

"काही खोड?"

दत्तोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. "खोड नाही हो. पण खरं सांगू? आधीच्या फोनवर मी ऊन आहे का ते बघायचो. आता याच्यावर बघतो. ऊन तेवढंच असतं."

"मग फरक काय पडला?"

"लोक विचारतात, दहा आहे का? तेव्हा हो म्हणता येतं."

भास्कररावांनी लिहून घेतलं: प्रतिष्ठा, एक गुण.

त्या संध्याकाळी कुंदानं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "बाबा, सासूबाई विचारत होत्या, तुझ्या माहेरून न्यायला कोणी येणार आहे का?"

"म्हणजे काय! मीच येतो," भास्करराव म्हणाले. "फक्त हे एवढं ठरू दे. बारा गुण झालेत."

"कशाचे?"

"अगं, दहाचे!"

कुंदा म्हणाली, "लवकर ठरवा, बाबा."

"अशा गोष्टींत घाई करून चालत नाही, बाळ."

पुढे बघण्याचा कार्यक्रम झाला. मुंगूस शेठनी दुकानात सतरंजी अंथरली, पोहे केले. चांदणी-दहाला काचेच्या पेटीतून काढून पाटावर ठेवलं. भास्कररावांनी त्याला पुढून पाहिलं, पाठीमागून पाहिलं, आवाज ऐकला, नखाने हलकेच टकटक केलं. पोह्यांवर खोबरं कमी होतं, ते सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती. तरी उठताना ते एवढंच म्हणाले, "आमचं काय ते कळवतो."

मुंगूस शेठनी असे पुष्कळ कार्यक्रम पाहिले होते. त्यांनी फोन पेटीत ठेवला आणि उरलेले पोहे स्वतः खाल्ले.

तिकडे कुंदाचे दिवस भरत आले. शेवटी तिनं लाज बाजूला ठेवली. तोंडानं सांगता येत नसलं तरी दाखवता तर येईल! तिनं व्हिडिओ कॉल लावला, फोन बांबूला टेकवला आणि बाजू वळवून उभी राहिली.

"बाबा, नीट बघा हं."

भास्कररावांनी नीट बघितलं. फोन जवळ धरला, लांब धरला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. कुंदा आणखी थोडी वळली.

"कुंदा, तू मधेच रुंद दिसतेस."

"हो, बाबा!"

"वर ठीक आहे. खाली ठीक आहे. मध्येच फुगलंय."

"हो ना, बाबा!"

"स्क्रीन गेली," भास्करराव म्हणाले.

आणि त्यांनी डिस्प्लेचा अर्धा गुण चांदणी-दहाला देऊन टाकला. पूर्ण दिला नाही, कारण जुन्यावर रंग अजून बरे दिसत होते. माणूस... चुकलो, साळिंदर न्यायाला पक्कं होतं.

एकूण साडेसतरा गुण झाले. आता फक्त बॅटरीचा एक गुण राहिला. तो मिळाला तर चांदणी-दहा घरात येणार, नाही मिळाला तर नाही. भास्कररावांनी जुना फोन पूर्ण चार्ज केला, फडताळात ठेवला आणि समोर पाट टाकून बसले.

एरवी तो फोन दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकायचा. आता तीन दिवस झाले, तरी निम्म्याच्या वर बॅटरी शिल्लक. पाच दिवस झाले, तरी जिवंत. कारण तो वाजतच नव्हता. कुंदानं फोन करणं थांबवलं होतं.

दिवेलागणीला भास्कररावांना चुकल्यासारखं व्हायचं. काहीतरी करायचं राहिलंय, असं वाटायचं. आपणच कुंदाला फोन लावावा, असंही एकदा मनात आलं. पण हात लावला असता तर परीक्षा बिघडली असती. मला तर या ठिकाणी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पण साळिंदराला धरणार कुठे?

फोन दहाव्या दिवशी बंद पडला. दहा दिवस! भास्करराव आनंदानं थरारले. इतकी बॅटरी तर चांदणी-दहालाही नव्हती. गुण मिळाला नाही. साडेसतरावर पत्रिका फिसकटली. त्यांनी मुंगूस शेठना नकार कळवला, जुना फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाले, "आता ही बातमी आधी कुंदाला सांगतो. मग तिला आणायला जातो."

तेवढ्यात दारात सळसळ झाली.

दारात कुंदा उभी होती. तिच्या पायाशी मुठीएवढं पिल्लू होतं. त्याचे काटे अजून मऊ होते आणि ते प्रत्येक पावलाला घसरत होतं.

"नावाडी पाणमांजर काठावर थांबलंय, बाबा," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर परत जायचंय. तासभर आहे माझ्याकडे."

"हे... हे कधी?"

"आज आठवा दिवस. त्या दिवशीसुद्धा मी वाट बघत होते. वाटलं, बाबा येतील."

"मला सांगितलं का नाहीस?"

"चिंचा म्हटलं. न्यायला या म्हटलं. शेवटी पोट दाखवलं."

"ते पोट होतं?"

"मग काय होतं?"

"मला वाटलं, स्क्रीन," भास्करराव म्हणाले आणि खाली बसले.

पिल्लू घसरत घसरत त्यांच्यापाशी आलं. त्यांच्या पंजाचा वास घेतला आणि तिथेच अंगाचं मुटकुळं करून पडलं. भास्कररावांना फार वाईट वाटलं आणि फार आनंदही झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे काय करावं ते त्यांना सुचेना. मग त्यांना एक सुचलं. त्यांनी फोन उचलला आणि नातीचा फोटो काढला.

फोटो धूसर आला. पुन्हा काढला. पुन्हा धूसर. पिल्लू कुठलं आणि पंजा कुठला, काही कळेना.

"बाबा, तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय," कुंदा म्हणाली. "जरा थांबा."

"छे, छे! कॅमेराच गेलाय. नातीचा पहिला फोटो असा नाही चालायचा. तू बस. मी आत्ता दहा घेऊन येतो."

"बाबा, तासभरच आहे हो!"

पण भास्करराव निघाले होते.

मुंगूस शेठनी त्यांना हसतमुखानं आत घेतलं. फोन पाच मिनिटांत मिळाला. पण नवा फोन उघडा कसा न्यायचा? स्क्रीन गार्ड लावायला घेतला. खाली एक बुडबुडा राहिला. तो काढून दुसरा लावला. मग जुन्यातलं सगळं नव्यात घेतलं. मग नव्याला जुनी भाषा शिकवली.

भास्करराव धापा टाकत घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. दारात कोणी नव्हतं. नदीकडून वल्ह्याचा आवाज येत होता, तोही लांब गेला.

अंगण त्यांनी सकाळी झाडलेलं होतं. त्या धुळीत पिल्लाची पावलं उमटली होती, दारातून आत आणि आतून बाहेर. भास्कररावांनी डोळे कोरडे होईपर्यंत वाट पाहिली आणि चांदणी-दहानं त्या पावलांचा फोटो काढला.

इतका स्वच्छ फोटो त्या जंगलात आजवर कोणी काढला नव्हता. एकेक बोट मोजता येत होतं.

तात्पर्य: बाळांनो, जुन्या फोनवर फोटो धूसर येत असतील तर नवा फोन अवश्य घ्यावा. डोळे पुसूनही काम भागतं, पण मग नवा फोन घ्यायला काही कारणच उरत नाही.