किसनाजीची हलकी चाकं

भाजीमळा करणारा आमचा किसनाजी सायकलचं चाक भाजीच्या तागडीत तोलून घेतो. एका पारड्यात चाक, दुसऱ्यात शेर-पावशेराची वजनं. ठरवल्यापेक्षा छटाकभर जास्त भरलं की चाक परत, आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. ही तागडी आमच्या जठारपेठेतून सायकलच्या दुकानापर्यंत वाहायची मी! कारण मी त्याचा शेजारी, शिवाय शाळामास्तर. टायरवरचं इंग्रजी वाचायला मीच लागतो. माझे सलग तीन रविवार असे मातीत गेले.

पहिल्या रविवारी तो म्हणाला, "हलकी चाकं दाखवा." दुकानदारानं बापड्यानं गंजलेली, सगळ्यात स्वस्त जोडी पुढे केली. किसनाजी भडकला.

"हलकं म्हनजे वजनानं, बावा! मी काय तुमाले हलकं गिऱ्हाईक वाटून राहिलो?"

दुसऱ्या रविवारी विलायती जोडी आली. पातळ रीम, बारीक टायर. तीही एक छटाक जड निघाली. छटाक! एवढं तर त्याच्या मिशांचंच वजन असेल.

तिसऱ्या रविवारी दुकानदार चिडला. "काळ्या जमिनीत जाडच टायर पायजे. बारीक रुतते."

"रुतू द्या! पावसात आपन सायकलवर बसत नाई, सायकल आपल्या खांद्यावर बसते. खांद्याले वजनच समजते!"

माझं डोकं फिरलं. "मग पावसात घरी बसा ना! नाहीतर नागपूरच्या सरकारला सांगा, सडक बांधून द्या म्हणून. एवढं अडलंय कुठे तुमचं?"

तो दुप्पट ओरडेल असं वाटलं. पण त्याचा आवाज उलट खाली आला.

"मास्तर, आमच्या यमुनेचं सासर बाळापूरच्या पुढं. मधी दोन कोस काळी जमीन, मंग पुन्हा सडक. मागच्या श्रावनात पोरगी बाळंतपनात अडली, निरोप आला. निघालो. चिखलानं चाक फिरून नाई राहिलं. सायकल खांद्यावर घेतली. तीनदा खाली बसलो मी. पोचलो तवा लेकरू पुरून आले होते. पोरगी म्हने, बाबा, तुमी येळेवर कावून नाई आले?"

त्यानं नाक पुसलं. "आता पुन्हा दिवस गेले तिले, श्रावनातच भरतात. सासरचे माहेरी धाडत नाईत."

मला माझीच चीड आली, आणि ती निघाली दुकानदारावर.

"पाहता काय?" मी ओरडलो. "माळ्यावरच्या सगळ्या जोड्या काढा खाली! श्रावण महिन्यावर आलाय!"