तात्या साळव्यांचा समुद्र

टीव्हीवर हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या, की आमच्या दूध सोसायटीत कुणी ब्र काढायचा नाही, असा चेअरमन तात्या साळव्यांचा दंडक होता. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' एवढं ऐकलं, की त्यांचा चेहरा पडायचा. आमचं गाव शिरूर कासारजवळ. त्या दुष्काळात जनावरांना पाजायलाही टँकरची वाट बघावी लागे, आणि आमचे चेअरमन अंदमानच्या लाटांनी हैराण!

"तात्या, होडी बांधून ठेवलीय ना?" सोसायटीची मशिनं दुरुस्त करणारे रशीदभाई विचारायचे.

"हस बे. माझी पोरगी हाय तिथं."

खरंच होती. त्यांची एकुलती एक प्रज्ञा समुद्राची शास्त्रज्ञ. देशाच्या संशोधन जहाजावर खोल समुद्राचा तळ तपासणाऱ्या पथकाची ती प्रमुख. तिथे बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेले असतात. ते उपसायचे की नाही, हे सरकारला ठरवायचं होतं आणि आधी या पथकाचं मत हवं होतं. तात्या ही गोष्ट अशी सांगायचे, "दिल्ली खोळंबलीय. पोरगी तळाची खबर आनंल, मंग ठरंल."

पुढे 'तळाची खबर' सगळीकडेच घुसली. पेंडीचा नवा व्यापारी आला, "तळाची खबर काढली का?" कुणाच्या पोरीला स्थळ आलं, तरी तेच. सोसायटीच्या आवारात खोल बोअर घ्यायची म्हटल्यावर तात्यांनी भूजलवाल्यांना बोलवायचा हट्ट धरला. मेंबर वैतागले, "ओ तात्या, ही बोअर हाय, समुद्र न्हाई!"

मी सोसायटीचा सेक्रेटरी. तात्या सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या नंतर जात. प्रज्ञा कॉलेजात असतानाच तिची आई गेली होती. जहाज निघालं, की पोरीचा फोनही क्वचितच यायचा.

मोहीम संपवून प्रज्ञा गावी आली, तेव्हा सोसायटीने सत्कार ठेवला. तिच्या पथकाने इतक्यात उपसा करू नका, असं कळवलं होतं. टीव्हीवर कुणीतरी, असली माणसं देशाला मागे खेचतात, असंही बोललं होतं. ते गावाने ऐकलं होतं.

नारळ, शाल झाली आणि रशीदभाईंनी सरळच विचारलं, "बेटी, माल समोर पडलेला. काहून सोडला?"

"सोडला नाही, चाचा. थांबा म्हटलं," प्रज्ञा म्हणाली. "तो एकेक गोळा वाढायला लाखो वर्षं लागतात. त्याला चिकटून जीव राहतात. त्यातल्या कित्येकांना अजून नावसुद्धा नाही. एकदा खरवडलं, की आपल्या हयातीत ते परत येत नाही. जिथं मलाच माहीत नाही, तिथं 'खुशाल काढा' कशी लिहू?"

"वरून दबाव आला आसंल?" मागून एका मेंबरनं विचारलं.

"आला."

एरवी माइक न सोडणारे तात्या उठले. "सरकारच्या तोंडावर 'मला माहीत न्हाई' म्हनाली," एवढंच बोलले आणि खाली बसले. टाळी पहिली रशीदभाईंनी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बाकावर ती मध्ये, आम्ही दोघं कडेला. बराच वेळ तात्या चपलेने माती उकरत होते. मग हळूच म्हणाले, "तिथं खाली उजेड न्हाईच म्हन?"

"अजिबात नाही."

"आन ते जीव? येकयेकटेच ऱ्हात्यात?"

"बरेचसे. लांब लांब असतात. त्यांना सवय असते, तात्या. एकटं नसेल वाटत."

तात्यांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई ना पर त्यांना."

प्रज्ञा काहीतरी शास्त्राचं सांगणार होती, असं वाटलं. तेवढ्यात बस आली, कंडक्टरने दार उघडलं, दोनदा हाक मारली. ती उठली नाही. बस धुरळा उडवत गेली, तेव्हा तिने बॅग तात्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आज घरी पिठलं कोण करणार? तुम्ही का मी?"