बोरी बुद्रुक दहा मिनिटं गप्प

गोरखच्या साउंड सर्व्हिसमध्ये अकरा माइक होते आणि त्यातला एकही त्याच्या पोरीला, वृषालीला, नको होता. बोरी बुद्रुकमध्ये एकही लग्न आपल्या माइकवाचून लागलेलं नाही, हे गोरख कुणी न विचारताही सांगत असे. त्यातल्या एका माइकची जाळी पुढाऱ्यांच्या हातून पडून पडून चेपली होती. त्याला तो कौतुकाने ‘पैलवान’ म्हणायचा.

वृषालीला पुण्यातल्या एका बँडमध्ये गिटार वाजवायची होती. त्यासाठी त्या दिवशी दुपारी चारच्या आत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, आणि अट अशी की इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यासमोर माइक लावूनच घ्यायचा. दोन वर्षं तिने तारांवर बोटं सोलून घेतली होती. चुकायला नको म्हणून नारायणगावच्या दलीचंद शेठच्या अंकितकडून तिने एक नाजूक, महागडा माइक मागून आणला. अंकित त्यावर जैन मंदिरातली स्तवनं रेकॉर्ड करायचा.

“पप्पा, तुमचे माइक भाषणाचे आहेत. याला बारीकसारीक सगळं ऐकू येतं,” ती म्हणाली.

गोरखला ते लागलं. पण पोरगी पुण्याला निघाली या अभिमानाने छाती आधीच इतकी भरलेली, की रागाला आत जागा नव्हती.

माइकला खरंच सगळं ऐकू येत होतं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारसोबत कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. दुसऱ्यात शेजारची म्हैस आली. आणि दोन्हींच्या मागे दादाभाऊंची पिठाची गिरणी अखंड घरघरत होती. गोरखने पायात चपला घातल्या आणि गावाला गप्प बसवायला निघाला.

दादाभाऊ सहजी ऐकणाऱ्यातले नव्हते. गिरणी बंद ठेवतो, म्हणाले, पण कशापायी ठेवली ते डोळ्यांनी बघणार. ते निघाले तशा दळणाला बसलेल्या बायाही डबे घेऊन मागोमाग निघाल्या. भरदुपारी गिरणी का थांबली हे बघायला ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टर बंद करून आले. अर्ध्या तासात गोरखच्या अंगणात शंभर माणसं तोंडावर बोट ठेवून बसली. एवढी माणसं जमली म्हटल्यावर नारळ फोडणं आलं. गोरखच्या बायकोने, मंगलने, चहाचं मोठं पातेलं चढवलं.

मग वृषालीने वाजवायला घेतलं आणि बोरी बुद्रुक दहा मिनिटं गप्प बसलं. बायांनी हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या. एका म्हाताऱ्याने खोकला दाबून धरला, तो डोळ्यांतून पाण्याच्या रूपाने बाहेर आला. वाजवणं संपल्यावर गाव फुशारून घरी गेलं.

वृषालीने हेडफोन लावला. त्यात शंभर माणसांचे श्वास होते, चहाचं उकळणं होतं, आणि “गोरखची पोरगी हाये ही” असं कुजबुजून सहा वेळा सांगितलेलं होतं. साडेतीन वाजले होते. गिरणी पुन्हा सुरू झाली होती. तिचे डोळे भरून आले.

गोरख आत गेला आणि पैलवानाला घेऊन आला. त्याने तो अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला जवळजवळ चिकटवूनच उभा केला.

“ह्याला तोंडाम्होरचं सोडून कायबी ऐकू येत न्हाई,” तो म्हणाला. “आख्खी जिनगानी बँडबाज्याशेजारी काढलीय त्यानं. वाजव तू.”

गिरणी घरघरत होती, ट्रॅक्टर चालले होते, म्हैसही हंबरायला मोकळी झाली होती. हेडफोनमध्ये मात्र नुसती गिटार होती, भरदार आणि स्वच्छ. वृषाली डोळे पुसत हसली. चार वाजायला आठ मिनिटं असताना रेकॉर्डिंग पुण्याला गेलं.

आठवड्याने निवड झाल्याचा फोन आला. पैलवानाचा पराक्रम गावाला ऐकवायला गोरख उंबऱ्याबाहेर पडतो, तोच दादाभाऊ हार घेऊन समोर उभे.

“आमी गिरणी बंद ठिवली म्हून पोरगी लागली,” ते म्हणाले. “समदं गाव म्हणतंय.”

शनिवारी देवळापुढे सत्कार झाला. वृषालीला श्रीफळ मिळालं, शाल दादाभाऊंना. आपण दहा मिनिटं गप्प कसे बसलो, यावर दादाभाऊ चाळीस मिनिटं बोलले. बाया माना डोलवत होत्या, खोकला दाबणारा म्हातारा ताठ बसला होता.

“पप्पा, खरं सांगू का उठून?” वृषालीने हळूच विचारलं.

गोरखच्या ओठांवर सगळं आलं होतं. त्याने एकवार त्या माणसांकडे पाहिलं.

“नगं,” तो म्हणाला. “लई खूश हायेत माणसं.”

एवढं बोलून तो हाताची घडी घालून बसला, तो शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. वृषालीला आपल्या बापाचा असा अभिमान वाटला, की तिने भाषणाच्या मध्येच जोरात टाळ्या वाजवल्या. दादाभाऊंनी तिला हात जोडले आणि आणखी दहा मिनिटं बोलले.